मुंबईत घर घ्यायचं? आधी पंचांग काढा, मग रेडी रेकनर

गुढीपाडव्याच्या आदल्या दिवशीचा पेपर उघडला की बातमीपर्यंत पोचायला तीन-चार पानं उलटावी लागतात. सगळी पानं टॉवरांची, स्विमिंग पुलाशेजारी हसणाऱ्या कुटुंबांची. तोच पेपर पितृपक्षात उघडा, पहिल्याच पानावर बातमी असते.

मुंबईच्या घरबाजाराला मोसम आहे हे आपल्या सगळ्यांना माहीत असतं. गोंधळ होतो तो पुढे. बहुतेक घरांत 'पाडव्याला घर घेऊ' किंवा 'मार्चच्या आत उरकू' असा एक दिवस ठरतो आणि सगळी कामं त्या एका दिवसाकडे ढकलली जातात. मी पहिलं घर असंच घेतलं. जानेवारीत बघितलं, पाडव्याला टोकन दिलं, जूनमध्ये राहायला गेलो आणि जुलैत बेडरूमच्या पश्चिमेकडच्या भिंतीवर ओलीचा नकाशा उमटला. विकणाऱ्याने डिसेंबरात रंग लावून घेतला होता. जानेवारीच्या कोरड्या हवेत मला तो नवा रंग म्हणजे घराची निगा वाटली.

घर बघणं, भाव ठरवणं, टोकन, कर्ज, करारनामा, नोंदणी, सामान हलवणं ही वेगवेगळी कामं आहेत आणि प्रत्येकाला सोयीचा काळ वेगळा आहे. ती वर्षभर कशी पसरवायची, ते टप्प्याटप्प्याने सांगतो.

पहिला टप्पा : दोन कॅलेंडरं शेजारी लावा

मुंबईतली घरं दोन कॅलेंडरांवर विकली जातात. एक पंचांग, दुसरं सरकारी आर्थिक वर्ष.

पंचांगातले साडेतीन मुहूर्त आपल्याला पाठ असतात: गुढीपाडवा, अक्षय्य तृतीया, दसरा आणि अर्धा दिवाळीतला पाडवा. या दिवसांच्या आसपास बुकिंग वाढतं, अनंत चतुर्दशीनंतरच्या पितृपंधरवड्यात थंडावतं आणि घटस्थापनेला पुन्हा जागं होतं. चातुर्मासात गृहप्रवेश नको म्हणणारी मंडळी चातुर्मासातच येणाऱ्या दसऱ्याला मात्र आनंदाने चावी घेतात. शास्त्रापेक्षा सवय मोठी, असं मला यातून वाटत आलंय.

यात एक मेख आहे. पंचांग सरकतं. २०२३ मध्ये अधिक श्रावण आल्यामुळे पितृपक्ष १४ ऑक्टोबरपर्यंत लांबला आणि दसरा २४ ऑक्टोबरला आला. २०२४ मध्ये पितृपक्ष २ ऑक्टोबरला संपला, दसरा १२ तारखेला. २०२५ मध्ये तर २ ऑक्टोबरलाच दसरा. म्हणजे २०२३ चा निम्मा ऑक्टोबर पितृपक्षात गेलेला आणि पुढच्या वर्षीचा जवळजवळ सगळा सणात. अशा दोन महिन्यांची तुलना करून कुणी 'ऑक्टोबरात घरविक्री वाढली' म्हणालं, तर त्यात बाजाराचा वाटा किती आणि तिथीचा किती ते आधी विचारा. तुलना करायचीच तर भाद्रपद ते कार्तिक असा सबंध पट्टा घ्या.

सगळ्या वस्त्यांचं पंचांगही एक नाही. मुलुंड, घाटकोपर, कांदिवली, बोरिवली इथे विकणारा गुजराती असेल तर डिसेंबरच्या मध्यापासून मकरसंक्रांतीपर्यंत 'कमुर्ता आहे, संक्रांतीनंतर बोलू' (कमुर्ता म्हणजे शुभकामं टाळायचा काळ) हे वाक्य ऐकायची तयारी ठेवा. मराठी घरांत त्या वेळी फारसं अडत नाही.

सरकारी कॅलेंडर सोपं आहे. रेडी रेकनर, म्हणजे जागांच्या सरकारी किमतींचा वार्षिक मूल्यदर तक्ता, २०१६ पासून १ एप्रिलला लागू होतो. त्याआधी तो १ जानेवारीला बदलायचा, त्यामुळे डिसेंबरअखेरची धावपळ सांगणारे जुने एजंट अजून भेटतात. शेअर बाजारात असलेल्या मोठ्या बिल्डरांना दर तिमाहीला विक्रीचे आकडे जाहीर करावे लागतात. म्हणून जून, सप्टेंबर, डिसेंबर आणि मार्च यांचे शेवटचे दहा दिवस त्यांच्या सेल्स ऑफिसात वेगळेच असतात.

दुसरा टप्पा : आपल्या गल्लीचा मोसम आपणच काढा

दर महिन्याच्या सुरुवातीला 'मुंबईत इतक्या हजार घरांची नोंदणी' अशी बातमी येते. ती वाचताना लक्षात ठेवा की तो आकडा नोंदणीचा आहे, सौद्याचा नाही. दसऱ्याला टोकन दिलेल्या रीसेलच्या घराचं कर्ज मंजूर होऊन, सोसायटीची कागदपत्रं जमून नोंदणी होईपर्यंत दीड-दोन महिने सहज जातात. विकणाऱ्याच्या डोक्यावर कर्ज असेल तर जास्तच. त्यामुळे डिसेंबरच्या आकड्यात दसऱ्याचे बरेच सौदे असतात.

सरकारी सवलत या आकड्यांना किती वाकवू शकते ते २०२० मध्ये दिसलं. १ सप्टेंबर ते ३१ डिसेंबर मुद्रांक शुल्क २ टक्क्यांवर आणलं गेलं, पुढचे तीन महिने ३ टक्के. त्या डिसेंबरात मुंबईत सुमारे १९,५०० दस्त नोंदले गेले आणि जानेवारीत जवळपास निम्मे. मार्च २०२१ मध्ये सवलत संपताना आकडा पुन्हा १७,००० च्या वर गेला. माणसांची घराची गरज महिन्यात निम्मी होत नसते, त्यांनी फक्त तारीख अलीकडे ओढली होती.

म्हणून शहराचा आकडा बाजूला ठेवा आणि आपल्या इमारतीचा काढा. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर मोफत ई-सर्च आहे. तिथे वर्ष, जिल्हा, गाव आणि मिळकतीचा क्रमांक टाकायचा. गाव म्हणजे महसुली गाव. बोरिवली पश्चिमेचा मोठा भाग तिथे 'एक्सर' नावाखाली सापडेल, त्यामुळे आधी मालमत्तेच्या जुन्या करारनाम्यावर गाव आणि सिटी सर्व्हे नंबर बघून घ्या. यादीत गहाणखतं आणि भाड्याचे करारही येतात, त्यांतून फक्त विक्रीचे दस्त निवडा. प्रत्येक दस्ताची सूची क्रमांक दोन, बोलीभाषेत 'इंडेक्स टू', उघडली की मोबदला, बाजारभाव, क्षेत्रफळ आणि दोन तारखा दिसतात: दस्त करून दिल्याची आणि नोंदणीची. तुमच्या कामाची पहिली, कारण ती सौद्याच्या जास्त जवळची असते.

आता एक वही घ्या. मागच्या तीन वर्षांतले त्या इमारतीचे आणि शेजारच्या दोन इमारतींचे सौदे तारखेप्रमाणे लिहा. क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये असतं, त्याला १०.७६४ ने गुणा. ४२ चौरस मीटर कार्पेट म्हणजे ४५२ चौरस फूट, मोबदला १ कोटी २० लाख असेल तर फुटाला साडेसव्वीस हजारांच्या आसपास. क्षेत्रफळ कार्पेट (भिंतींच्या आतलं) आहे की बिल्टअप (भिंती धरून) ते दस्तावर नीट बघा, इथे चूक झाली की सगळा हिशोब वाकडा. मजला आणि पार्किंगही शेजारी लिहा.

पंधरा-वीस नोंदी झाल्या की बहुधा असं दिसेल: एका इमारतीत सौदे पाडव्याआधी आणि दिवाळीनंतर दाटलेले आहेत, पण फुटाचा भाव मोसमाने फारसा हललेला नाही. तो हललाय मजल्याने, पार्किंगने आणि विकणाऱ्याच्या घाईने. मोसम मुख्यतः किती घरं विकली जातात ते बदलतो. भावात तो दिसतो ते तुमच्यासमोरचा माणूस कोणत्या महिन्यात अडलेला आहे, एवढ्यापुरता. एजंट काहीही सांगो, ही वही घेऊन बसलेल्या माणसाशी तो जपून बोलतो.

तिसरा टप्पा : घर मे आणि जुलै, दोन्ही महिन्यांत बघा

या टप्प्यावर सर्वांत जास्त वेळ घालवा.

मे महिन्यात अर्धी मुंबई गावाला असते. विकणारा कोकणात, चावी शेजाऱ्याकडे, एजंट कंटाळलेला. तरी जा, आणि दुपारी तीन वाजता जा. पश्चिमेची खोली किती तापते ते तेव्हाच कळतं. त्याहून महत्त्वाचं पाणी. मुंबईला पाणी देणारे सातही तलाव मेअखेर तळाला टेकलेले असतात. २०२४ च्या जूनमध्ये महापालिकेने १० टक्के कपात केली होती. ज्या इमारतीत मे महिन्यात टँकर येत नाही, तिथे पुढे फारशी अडचण येत नाही. वॉचमनला विचारा, 'टँकर आठवड्याला किती?' सेक्रेटरीपेक्षा तो खरं सांगतो. वरच्या मजल्यावर सकाळी पाण्याच्या वेळेत नळ सोडून बघा.

मुंबईत पाऊस साधारण ११ जूनला येतो. तो चार-पाच दिवस लागून पडला की तेच घर पुन्हा बघायला जा. एजंट म्हणेल, 'पाऊस थांबू दे ना साहेब.' तेव्हाच जायचं. खिडक्यांच्या वरच्या कोपऱ्यांत, बाथरूमला लागून असलेल्या भिंतीवर आणि कपाटामागे हात फिरवा. सगळ्यात वरचा मजला असेल तर गच्चीवर चढा आणि पाणी कुठे साचतंय ते बघा. टाइल्सच्या वर निळी ताडपत्री किंवा पत्रा दिसला तर सोसायटीने गळतीशी तडजोड केलीय असं समजा.

मग खाली उतरून रस्ता बघा. हिंदमाता, सायनचं गांधी मार्केट, अंधेरी सबवे, मिलन सबवे ही नावं सगळ्यांना माहीत आहेत, पण प्रत्येक उपनगरात बातमीत न येणारी अशी एक गल्ली असतेच. साडेचार मीटरच्या वर भरती असलेल्या दिवसांची यादी महापालिका पावसाळ्याआधी जाहीर करते. त्यातला एक दिवस निवडा, भरतीच्या वेळी स्टेशनपासून इमारतीपर्यंत चालत जा आणि तळमजल्याच्या दुकानदाराला विचारा की २६ जुलै २००५ ला पाणी कुठवर आलं होतं. जुने दुकानदार भिंतीवर हात ठेवून दाखवतात.

तिसरी फेरी गणपतीत किंवा नवरात्रात जमली तर उत्तम. खिडकीखाली मंडप पडतो का आणि दहा दिवस रिक्षा आत येते का, हे जाहिरातीत छापत नाहीत. मला स्वतःला मंडप आवडतो. लहान बाळ असलेल्या घराचं मत वेगळं असू शकतं.

सप्टेंबर आणखी एका कारणासाठी कामाचा. गृहनिर्माण सोसायट्यांची वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते. मोठी दुरुस्ती, गच्चीचं वॉटरप्रूफिंग, पुनर्विकास हे विषय तिथेच निघतात. रीसेल घेत असाल तर विकणाऱ्याकडून शेवटच्या दोन सभांची इतिवृत्तं मागा. टोकन ऑगस्टात दिलं आणि सप्टेंबरच्या सभेत प्रत्येक घरामागे दोन-अडीच लाखांची दुरुस्ती मंजूर झाली, तर ती कुणी भरायची हा वाद नंतर सुटत नाही. टोकनच्या पावतीवरच लिहून घ्या. इमारत ३० वर्षांपेक्षा जुनी असेल तर स्ट्रक्चरल ऑडिट बंधनकारक आहे, त्याचा अहवालही मागा.

चौथा टप्पा : भाव पितृपक्षात, टोकन घटस्थापनेला

पितृपक्षात घराची बोलणी करू नयेत असं मानणारे असाल तर हा टप्पा वगळा, घरच्यांना दुखवून चार पैसे वाचवण्यात अर्थ नाही. नाहीतर हे पंधरा दिवस फार सोयीचे. बघायला येणारे कमी, एजंटला वेळ, आणि विकणाऱ्यालाही विचार करायला निवांतपणा. मे महिन्यापासून दोन-तीनदा घर बघून गेलेला माणूस गंभीर आहे हे त्यालाही कळलेलं असतं.

बोलणी करताना 'शेवटचा भाव सांगा' असं म्हणू नका. वही उघडा, वर्षभरातले दोन-तीन सौदे दाखवा, मजला आणि पार्किंगचा फरक स्वतःच मोजून सांगा आणि आपला आकडा ठेवा. मग गप्प बसा. गप्प बसणं मराठी माणसाला जमतं, फक्त सौद्यात आठवत नाही. पितृपक्षात विकणारा सही करणार नाही, पण आकडा तोंडाने पक्का होतो. मग घटस्थापनेला टोकन द्या. त्याला मुहूर्त मिळतो, तुम्हाला भाव.

नवीन प्रकल्पात मुहूर्तापेक्षा तिमाहीअखेर जास्त उपयोगी. २० तारखेनंतर जा, कर्जाचं मंजुरीपत्र खिशात ठेवा. बँकांची मंजुरी सहसा तीन ते सहा महिने टिकते, त्यामुळे ती फार आधी काढू नका. रिझर्व्ह बँकेची पतधोरण समिती साधारण दर दोन महिन्यांनी व्याजदराचा निर्णय घेते. बदलत्या दराचं कर्ज असेल तर त्या बैठकीसाठी सौदा थांबवून काही हाती लागत नाही, दर उतरला की हप्त्यातही तो यायचाच.

पाचवा टप्पा : सणाची ऑफर रुपयांत मोजा

सोन्याचं नाणं, मॉड्युलर किचन, 'स्टॅम्प ड्युटी आमच्याकडून', आता २० टक्के आणि बाकी पझेशनला. प्रत्येक ऑफरला एकच प्रश्न विचारा: 'हे काहीच नको, भावात किती कमी कराल?' जो आकडा येईल तीच ऑफरची खरी किंमत. ती करारनाम्यात उतरवून घेतली तर मोबदलाच कमी होतो आणि त्यावरचं शुल्कही.

हिशोब असा. मुंबईत मुद्रांक शुल्क मेट्रो अधिभारासह ६ टक्के, घर फक्त महिलेच्या नावावर असेल तर ५ टक्के, आणि नोंदणी शुल्क १ टक्का पण ३०,००० रुपयांपर्यंतच. १ कोटी २० लाखांच्या घराला ७ लाख २० हजार आणि वर ३० हजार. बांधकाम चालू असेल तर ५ टक्के जीएसटी म्हणजे आणखी ६ लाख. ओसी, म्हणजे इमारतीत राहायला परवानगी देणारं भोगवटा प्रमाणपत्र, मिळाल्यानंतर घेतलं तर जीएसटी नाही. ओसी महिन्या-दोन महिन्यांवर आलेल्या इमारतीत दसऱ्याची दोन लाखांची ऑफर धरायची की ओसीपर्यंत थांबून सहा लाख वाचवायचे, हे गणित मुहूर्ताच्या गर्दीत कुणी करत नाही. ओसी कुठवर आली ते मात्र सेल्सच्या मुलाला न विचारता महारेरा या गृहप्रकल्प नियामकाच्या संकेतस्थळावर प्रकल्पाच्या पानावर बघा.

ऑफर 'आज रात्री बारापर्यंत' असली तरी एक नियम विसरू नका: नोंदणीकृत करारनाम्याआधी बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही. आणि घराची किंमत ५० लाख किंवा त्याहून जास्त असेल तर विकणाऱ्याला पैसे देताना १ टक्का टीडीएस तुम्ही कापायचा असतो.

सहावा टप्पा : मार्चची घाई खरंच तुमची आहे का?

दर फेब्रुवारीत एकच हाकाटी: 'एप्रिलपासून रेकनर वाढतोय, आत्ताच करा.' १ एप्रिल २०२५ ला तो खरंच वाढला, मुंबईत ३.३९ टक्के. त्याआधीची दोन वर्षं तो जागचा हलला नव्हता, हाकाटी मात्र तेव्हाही होती.

मुद्रांक शुल्क करारातली किंमत आणि रेकनरची किंमत यांपैकी जी जास्त असेल तिच्यावर लागतं. तुमचं घर १ कोटी २० लाखांचं आणि रेकनरप्रमाणे १ कोटीचं असेल, तर रेकनर ५ टक्क्यांनी वाढून १ कोटी ५ लाख झाला तरी शुल्क १ कोटी २० लाखांवरच. एक रुपयाही वाढत नाही. फटका बसतो तो रेकनर बाजारभावाच्या वर किंवा अगदी जवळ असलेल्या घरांना: काही जुन्या इमारती, काही अडचणीच्या जागा. तिथे आणखी एक धोका असतो. रेकनरची किंमत सौद्यापेक्षा १० टक्क्यांहून जास्त वर गेली तर तो फरक घेणाऱ्याच्या उत्पन्नात धरून त्यावर आयकर लागतो. म्हणून दुसऱ्या टप्प्यातल्या इंडेक्स टूवर 'मोबदला' आणि 'बाजारभाव' (तिथे याचा अर्थ रेकनरप्रमाणे काढलेली किंमत) हे दोन आकडे शेजारी बघा. मोबदला बराच वर असेल तर मार्च सोडून द्या आणि शांतपणे एप्रिलमध्ये नोंदणी करा.

घाई खरी असेल तर ३१ मार्चपासून उलटं मोजा. रीसेल आणि कर्ज दोन्ही असेल तर टोकन जानेवारीच्या मध्यापर्यंत, कर्ज आणि सोसायटीची कागदपत्रं फेब्रुवारीत, करारनाम्याचा मसुदा मार्चच्या पहिल्या आठवड्यात वकिलाकडे. शेवटच्या आठवड्यात दुय्यम निबंधक कार्यालयात टोकनची रांग आणि सर्व्हरचे रुसवेफुगवे ठरलेले. एक वाट मात्र लक्षात ठेवा: मुद्रांक शुल्क भरून दस्तावर सह्या ३१ मार्चच्या आत झाल्या, तर नोंदणीला सहीच्या तारखेपासून चार महिने मिळतात. २०२१ मध्ये कित्येकांनी हेच केलं. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात तीच खिडकी अर्धी मोकळी असते.

विकणाऱ्यांसाठी थोडं

गळती पावसाळ्यातच शोधा, ऑक्टोबरच्या उन्हात बाहेरून दुरुस्त करा आणि मगच रंग लावा. नुसत्या रंगावर विकलं तर माझ्यासारखा एक माणूस आयुष्यभर तुमचं नाव काढत राहील. सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, आधीच्या करारनाम्यांची सगळी साखळी, मालमत्ता कराची पावती आणि कर्ज असेल तर बँकेचं शिल्लक रकमेचं पत्र भाद्रपदातच फाईलला लावा. घटस्थापनेला जाहिरात टाकायची आणि दिवाळीत कागद शोधायचे, यात गिऱ्हाईक जातं. सोसायटीने हस्तांतरणासाठी वाट्टेल ती देणगी मागितली तर मुंबईत हस्तांतरण शुल्काची मर्यादा २५,००० रुपये आहे, हे नम्रपणे दाखवून द्या.

शेवटचा टप्पा : सामान कधी हलवायचं

मुलांची शाळा जूनमध्ये सुरू होत असेल तर मे ठीक, पण इथे सगळी मुंबई तुमच्यासोबत असते. भाड्याची घरंही याच दिवसांत बदलतात, त्यामुळे महिनाअखेर आणि शनिवार-रविवार सोडून मधला एखादा बुधवार पकडा, टेम्पोवाला भावात येतो. सोसायटीला लिफ्टची वेळ आधी कळवा. आणि राहायला जायच्या आधी, रिकाम्या घरात, ३१ मेच्या आत खिडक्यांच्या चौकटींची सांधभरणी आणि बाथरूमचं वॉटरप्रूफिंग उरकून घ्या. एकदा सामान आलं की कपाटामागच्या भिंतीपर्यंत मिस्त्रीचा हात पोचत नाही, आणि ११ जूननंतर मिस्त्री फोनही उचलत नाही.